वेताळ बँडचा सनईवाला

गोटीराम कळवणचा. तो लग्नात सनई वाजवायला लागला की पंगतीतली माणसं घास हातात धरून ऐकत बसायची. १९९७ साली अशाच एका लग्नात नाशिकच्या अमोलने त्याला ऐकलं. अमोल इंजिनिअरिंगला होता, इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याच्या मामाने जर्मनीहून तिकडच्या एका बँडची कॅसेट पाठवली होती. त्यात राजेरजवाड्यांच्या काळातल्या चाली होत्या, कातडी पिशवीची मशक होती आणि खाली गिटारींचा गडगडाट.

"असलंच काहीतरी आपण करू," अमोल म्हणाला. "त्यांची मशक, तुझी सनई."

मशकीचा सूर ऐकून गोटीरामच्या अंगावर काटा आला. "हा माणूस माझ्यासारखाच फुंकतो की!" तो म्हणाला आणि दर रविवारी एसटीने नाशिकला येऊ लागला.

बँडचं नाव ठेवलं 'वेताळ'. कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्यांदा शिट्ट्या आणि टोमणेच मिळाले. पुढच्या वर्षी मात्र पोरं खुर्च्यांवर चढून नाचली. सगळ्यात गाजली ती गोटीरामची चाल. त्याच्या बापाने, धोंडीरामने, त्याला शिकवलेली.

कॅसेट निघाली. तिच्यावर गोटीरामचा फोटो नव्हता, नावही नव्हतं. चालीखाली अमोलचं नाव होतं. प्रकाशनाच्या दिवशी अमोलने त्याच्या हातात लाल फेटा दिला. "तू गेटवर वाजव. पाहुणे येतायत."

"आन् स्टेजवर?"

"स्टेजवर कीबोर्ड आहे. समजून घे ना गोट्या, तुझा लूक बसत नाही."

गोटीराम गेटवर वाजवत राहिला. आतून टाळ्यांचा आवाज आला, त्याच्याच चालीला. तो कुणालाही न सांगता कळवणला परतला. त्यानंतर लग्नात कुणी ती चाल मागितली, की तो सनई खाली ठेवायचा. बायको नवसाबाई म्हणायची, "सोडा आता." तो म्हणायचा, "नाय सोडायचा."

२००४ साली अमोल गाडी घेऊन दारात आला. त्या जर्मन बँडचा मशकवाला भारतात येणार होता. 'वेताळ'ची कॅसेट त्याने ऐकली होती आणि त्याला सनईवाला हवा होता. नाशिकला कार्यक्रम ऐकून तो बँडला जर्मनीच्या उत्सवात नेणार होता.

"झालं गेलं विसर," अमोल म्हणाला. "एकदा तालमीला ये."

"तालीम कशाला? चाल माझीच हाय. सरळ वाजवतो."

नवसाबाईने चहा दिला. नवऱ्याचा चेहरा बघून ती पुन्हा चुलीकडे वळली.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत तो जर्मन पाहुणा. गिटारी सुरू झाल्या, ढोल सुरू झाला, अमोलने मान हलवून इशारा केला. गोटीरामने सनई फुंकली. ती अर्धा सूर चढी होती. त्याने मुद्दाम निराळ्या मापाची सनई आणली होती.

कानात खडे घुसावेत तसं झालं. अमोल गिटारवर सूर शोधत धावला. तो जुळत आला की गोटीराम तान फिरवून पुन्हा सुटायचा. कीबोर्डवाला थांबला, मग ढोल. शेवटी अमोलचीही बोटं थांबली. मग शांततेत गोटीरामने पूर्ण चाल एकट्याने वाजवली, एकही सूर न चुकता. माइकजवळ तोंड नेऊन म्हणाला, "ही चाल धोंडीरामची, माझ्या बापाची. ह्यांनी चोरली."

पाहुणा उभा राहून टाळ्या वाजवत होता. विंगेत गोटीरामला गाठून अमोल ओरडला, "तू माझं वाटोळं केलंस!"

"व्हय," गोटीराम म्हणाला. "त्याच्यासाठीच आलो व्हतो."

जर्मनीचं बोलणं मोडलं, कारण पाहुण्याला भांडणारा बँड नको होता. गोटीरामला त्याने एकट्याला बोलावलं, पण पासपोर्ट-बिसपोर्टच्या भानगडीत तो पडला नाही. 'वेताळ' त्याच वर्षी फुटला आणि अमोल पुण्याला नोकरीला गेला.

घरी नवसाबाईने विचारलं, "तुमचं बी नुकसान झालं ना?"

"झालं," तो म्हणाला आणि ताटातली भाकरी मोडली. "पण लय गोड लागलं."

पुढच्या लगीनसराईत नामपूरच्या एका वरातीत त्याला कुणीतरी बापाची चाल मागितली. त्याने ती मोकळ्या मनाने, रस्ताभर वाजवली.