हमालाची उडी काढून टाकली तेव्हा

गेम जॅममध्ये भाग घ्यायची कल्पना माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची. इंटरनेटवरची स्पर्धा. शनिवारी सकाळी विषय जाहीर होतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्यावर एक छोटा गेम बनवून द्यायचा. ती चित्रं काढणार, मी कोड लिहिणार. आमच्या कासारवाडीच्या घरी बसायचं ठरलं, कारण तिच्या सांगवीच्या घरात पाव्हण्यांचा राबता फार.

विषय आला, ‘वजन’. तिने गोल पोटाचा एक हमाल काढला. त्याने खोकं उचलायचं, उड्या मारत दारापर्यंत न्यायचं. एका हाताने चालवायचं, दुसऱ्याने उडी आणि उचल. दुपारपर्यंत तो पडद्यावर पळू लागला आणि आम्ही दोघी खूश.

माझा दादा पलंगावर बसून बघत होता. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. आता तो तिथेच स्टोअरला असतो. लहानपणी कीबोर्डवरून आमची भांडणं व्हायची. अपघातानंतर मात्र त्याने गेमचं नाव काढलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मैत्रिणीने लॅपटॉप सरळ त्याच्यापुढे सरकवला. “दादा, खेळून बघा की.”

दादाने डावा हात कीबोर्डवर ठेवला. हमाल चालला, पण उडीच्या बटणापर्यंत हात पोचेपर्यंत खड्ड्यात गेला. पुन्हा गेला. दादा हसला, “छान झालाय गं,” म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

मग मैत्रीण म्हणाली, “उडी काढून टाकू.”

“अगं, प्लॅटफॉर्म गेम म्हणजेच उड्यांचा खेळ, त्यातून उडी काढल्यावर उरतं काय?”

“ते न्हाई म्हाईत. पण आपन बनवलेला गेम घरातल्या माणसाला खेळता येत न्हाई, हे काय बरं न्हाई वाटत.” चिडली की ती तिच्या आजीसारखी बोलते.

सकाळपासूनचा निम्मा कोड मी पुसला. जीवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू? आता हमाल आपला आपणच चालायचा आणि भिंत आली की मागे वळायचा. आपल्या हाती एकच बटण. दाबलं की खोकं उचलायचं, पुन्हा दाबलं की ठेवायचं. खोकं घेतलेलं असलं की कच्च्या फळ्या त्याच्या वजनाने मोडायच्या, रिकाम्या हाताने तो त्यांवरून सहज जायचा.

रविवारी सकाळी दादा आपणहून लॅपटॉपसमोर बसला. हमाल फळी मोडून खाली पडला, की खेळ पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळाने तो म्हणाला, “पडला की संपलं, असं कशाला? खाली रस्ता द्या ना. एखाद्या ठिकाणी मुद्दाम पाडावाच लागेल त्याला.”

मैत्रीण टाळी वाजवून म्हणाली, “व्हय की!”

तिसरी लेव्हल दादाने कागदावर काढून दिली, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांत. मी ती कोडमध्ये उतरवत असताना तो खुर्चीमागे उभा राहून सूचना करत होता, “ती फळी अजून थोडी डावीकडे घे.” आईने जेवायला हाका मारून मारून नाद सोडला. “काय करायलाव रे तुम्ही सकाळधरून?” तिने विचारलं. “हमाल पाडायलाव,” दादा म्हणाला.

मुदत संपायच्या थोडं आधी गेम स्पर्धेच्या साइटवर चढवला. निकालात आम्ही कुठेतरी मधोमध होतो. पण एका अनोळखी बाईने गेमखाली लिहिलं होतं, बाळ मांडीवर झोपलं होतं, एकच हात मोकळा होता, त्या हाताने पूर्ण गेम खेळले. ते दादाने मला दोनदा वाचायला लावलं.

मग त्याने राजगुरुनगरच्या मित्राला फोन लावला. दोघं पूर्वी एकाच शिफ्टला होते. अपघातानंतर बोलणं कमी झालं होतं. “भावा, लिंक पाठवलीय. गेम बनवलाय आम्ही,” दादा म्हणाला. “आणि हे बघ, तिसऱ्या लेव्हलला अडकलास तर मी काही सांगणार नाही.”