एक छेद बारा

“पेपर तपासणाऱ्या दोघांनाही दिसलं नाही ना? मग तुलाच कुठून दिसलं?” नवऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं. आता तो ताटाकडे बघून बोलत होता.

“सूनबाई चुकलं म्हणतेय तर चुकलं असेल,” सासूबाई म्हणाल्या. “मीठ जास्त पडलं तर मात्र कधी कबूल करत नाही.”

लेक हसली. जिच्याबद्दल हे चाललं होतं तिला मात्र कालपासून कशाचंच काही वाटत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं.

एकोणपन्नास वर्षांची ती कॉलेजात गणित शिकवायची. तिच्या संशोधनाला घरात ‘तुझे ते त्रिकोण’ म्हणत, आणि ते बरोबरच होतं. तापलेला पत्रा घ्यायचा; कुठे किती उष्णता आहे हे काढायला कागदावर त्याचे त्रिकोण पाडायचे. उत्तर अंदाजे येतं. जिथे चूक मोठी वाटते तिथल्याच त्रिकोणांवर खूण करायची, तेवढेच बारीक करायचे, पुन्हा गणित मांडायचं. प्रत्येक फेरीत चूक ठरावीक पटीने घटते, म्हणून ही पद्धत खऱ्या उत्तरापाशी पोचतेच, हे तिने अकरा वर्षं खपून सिद्ध केलं होतं. पेपर स्वीकारला गेला होता. त्याच्याच जोरावर सोमवारी प्रोफेसरपदाची मुलाखत होती.

काल वर्गासाठी सोपं उदाहरण हवं म्हणून तिने वाणसामानाच्या यादीमागे एक एकक बाजूचा चौरस काढला. कडांवर शून्य, आत सगळीकडे सारखीच उष्णता पुरवलेली. दोन कर्ण, चार त्रिकोण. मध्यबिंदूवर उत्तर आलं, एक छेद बारा. मग प्रत्येक त्रिकोण निम्मा केला. आठ झाले. पुन्हा एक छेद बारा. आपलंच काही चुकलं असं वाटून तिने सगळं नव्याने मांडलं. तेच. नवे चारही बिंदू कडेवर पडले होते, जिथे शून्य आधीच ठरलेलं होतं. आत एकही नवा बिंदू नव्हता. चूक जागची हललीच नव्हती.

आणि तिच्या सिद्धतेच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं: त्रिकोण निम्मा केला की चूक घटते, हे उघड आहे.

‘उघड आहे’ हे दोन शब्द विद्यार्थ्यांच्या वहीत दिसले की ती त्यांच्याभोवती लाल गोल काढायची.

“दुरुस्त नाही होणार?” लेकीने विचारलं.

“जास्त वेळा कापून आत बिंदू आणायला हवा. मग कदाचित. वर्ष जाईल.”

“मग वर्षाने सांग की!” नवरा म्हणाला. “सोमवारपर्यंत फक्त गप्प बस. एवढंच म्हणतोय मी. त्या त्रिकोणांपायी अकरा वर्षं सुट्टीत कुठे गेलो नाही आपण.”

“खरं आहे,” ती म्हणाली.

ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. त्याने तेच पुन्हा, जरा लहान करून सांगितलं.

“अरे, तिला जेवू तर दे,” सासूबाई म्हणाल्या.

तिने पाण्याचा पेला सरळ केला.

“सकाळीच पत्र पाठवलंय. पेपर मागे घेतला. सोमवारी मुलाखतीला जाणार नाही, माझे नेहमीचे दोन तास आहेत.”