हळदीच्या पायांची माशी

अण्णासो मगदूम मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. शिकवत म्हणजे फळ्यावर एक आंबा काढून वर्गाला तो काढायला लावत आणि स्वतः खुर्चीत बसून खिशातल्या भिंगाने टेबलावरच्या मुंग्या बघत. मी त्याच शाळेत तिसरा शिक्षक. माझं शिक्षण धो धो पावसाच्या गगनबावड्याला झालं, त्यामुळे मास्तरांच्या मते मला पाऊस सोडून कशातलंच काही कळत नव्हतं. "आकाराम, तुम्ही बावड्याचे," एवढं म्हणून ते कुठलाही वाद संपवत. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला. तेव्हा खालचा मजकूर द्वेषाने लिहिलाय असं कुणी म्हणू नये. जवळून बघून लिहिलाय, एवढंच.

माणूस उंचीला पाच फूट, पागोटं धरून साडेपाच. कोटाला चार खिसे आणि चारही खिशांत काड्यापेट्या. पेट्यांत कापसावर मांडलेले मेलेले किडे. मास्तरांना आयुष्यात एकच हाव होती: पृथ्वीवरच्या एखाद्या जिवाला आपलं नाव लागावं. त्यांच्याकडे किड्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात पानोपानी साहेबांच्या नावांचे किडे. मगदूम नावाचा एकही नाही, हा त्यांना घराण्याचा अपमान वाटे.

आता गंमत अशी की मास्तर जैन, आणि नुसते जन्माने नव्हेत. कुंभोजच्या डोंगरावर त्यांनी व्रत घेतलं होतं: जीव मारायचा नाही, दुसऱ्याकडून मारवायचा नाही, कुणी मारलाच तर बरं झालं असं मनातसुद्धा म्हणायचं नाही. व्रत उत्तमच. पण किड्यांच्या अभ्यासकाने ते घ्यावं म्हणजे माळकऱ्याने मटणाचं दुकान टाकण्यासारखं. साहेब लोक जाळी घेऊन फुलाफुलांमागे धावतात. आमचे मास्तर दिव्याखाली, खिडकीच्या फटीत, कोळ्याच्या जाळ्यात जे आपलं आपण मेलं असेल ते वेचून आणत. किडामुंगीच्या मयताला न चुकता हजर राहणारा एवढा एकच माणूस अख्ख्या संस्थानात असेल.

मयतं मुबलक मिळण्याची जागा त्यांच्या घराला लागूनच होती. महाराजांच्या राज्यात पेठेपेठेला तालीम. मास्तरांच्या घराला लागून असलेल्या तालमीत हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती बादशहा सांभाळायचा. एके काळचा पैलवान, गुडघा गेल्यावर कुस्ती सुटली, पण माती सुटली नाही. हौद्याच्या कडेला चोपून घट्ट झालेली जमीन होती. दिवाळीनंतर तिथे ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं पडत, प्रत्येक भोकाभोवती बारीक मातीची रास. त्यातून काळी, दोन-तीन सुतं, म्हणजे जेमतेम पाव इंच लांबीची एक माशी ये-जा करी. जात मधमाशीचीच, पण पोळं नाही, राणी नाही. जिची तिने जमीन खणावी आणि तळाशी आपल्या पिल्लापुरती फुलांची पिठी साठवावी. बादशहा तिला मातीची माशी म्हणायचा आणि फावडं मारताना तेवढी कड सोडायचा.

त्यांतल्या काही हौद्यात पडत, मातीत लोळत, मरत. पैलवान अंघोळीला गेले की मास्तर हौद्याशी उकिडवे बसून त्या वेचत. असल्या सात माश्या जमल्या आणि मास्तरांनी भिंगातून बघून शोध लावला: या माशीच्या मागच्या पायांवर आणि पोटाखाली सोन्यासारखी पिवळी लव आहे. फुलाची पिठी म्हणावी तर झटकून पडत नाही. अशी माशी पुस्तकात नाही. झालं. दोन महिने मास्तरांनी एकाच माशीची चित्रं काढली. पंखावरच्या रेषा, तोंडावरची खाच, मिशांची पेरं आणि ती पिवळी लव. चित्रं चांगली होती. हे लिहिताना माझी लेखणी अडखळते आहे, पण चांगली होती.

मुंबईला किड्यांवर पुस्तक लिहिणारा एक साहेब होता. त्याला वर्णन गेलं. साहेबाचं उत्तर आलं की माशी नवी दिसते, नमुने पाठवा, नवी ठरली तर तुमचं नाव देऊ. मास्तरांनी तीन माश्या टपालाने धाडल्या, आणि पत्र कोटाच्या वरच्या खिशात असं ठेवलं की साहेबाची सही बाहेर डोकावावी. न्हाव्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ती सही दाखवून झाली. जैन समाजातल्या मंडळींनी सत्कारासाठी शाल घेऊन ठेवली. सत्काराला काय बोलायचं ते मास्तर माझ्यासमोर म्हणून दाखवू लागले. त्यात "विद्वज्जन" हा शब्द अकरा वेळा होता.

मग साहेबाचं दुसरं पत्र आलं. ते काही वरच्या खिशात गेलं नाही. मी मधल्या सुट्टीत मागून घेऊन वाचलं. साहेबाने माशी स्पिरिटात बुडवली, तेव्हा सगळा पिवळा रंग स्पिरिटात उतरला आणि पाय पांढरे निघाले. आपण चित्रकार आहात असं कळतं, तर हा रंग आपण लावला काय, असं साहेबाने सभ्य भाषेत विचारलं होतं. पण खाली आणखी चार ओळी होत्या. रंग काहीही असो, पंखाच्या रेषा कुठल्याच माहीत असलेल्या माशीशी जुळत नाहीत. जिवंत धरून त्याच दिवशी मारलेली एक माशी या महिनाअखेरच्या टपालाने पाठवा. पुस्तक छापायला जात आहे. तेवढी एक मिळाली तर नाव मगदुमांचं. नाहीतर विषय बंद.

रंग कुठून आला असेल ते माझ्या ध्यानात आलं, आणि मी मास्तरांना तडक बादशहाकडे नेलं. परोपकार म्हणून नव्हे. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. बादशहा त्या वेळी मातीला खुराक देत होता. ताक ओतून झालं होतं, तेल ओतून झालं होतं, आणि आता तो सुपातून हळद पेरत होता.

मास्तर सुपाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, माशी पिवळी का, हे तुला माहीत होतं?

"मास्तर, ती माझ्या हौद्यात मेलेली हाय," बादशहा म्हणाला. "हौद्यात जे हाय ते तिच्या अंगाला. पैलवान बी हितनं पिवळंच निघत्यात की."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं कुटं? उलट तुमीच मला सांगत हुता, सोन्याची माशी हाय म्हनून."

तेवढ्यात कडेच्या भोकातली एक जिवंत माशी बादशहाच्या बोटावर चढून बसली. पाय पांढरे, स्वच्छ. इतके महिने तिच्याशेजारी बसून मास्तरांनी जिवंत माशी भिंगाखाली घेतली नव्हती, कारण धरताना दुखापत होईल. मास्तरांच्या पत्नी राजमतीवहिनींनी हे ऐकलं तेव्हा त्या चुलीपाशी होत्या. आमटीत हळद कमी पडली तर तुमची एक पेटी द्या इकडं, एवढंच म्हणाल्या.

साहेबाला मास्तरांनी उत्तर लिहिलं की स्थानिक परिस्थितीमुळे नमुन्यांस किंचित पीतवर्ण प्राप्त झाला असावा. चार पानांच्या पत्रात हळद हा शब्द नाही. मी शोधला.

आता हवी होती ती एक बिनहळदीची मेलेली माशी. जमिनीतून शेकड्याने माश्या निघत होत्या, पण मेलेल्या मिळत त्या हळदीच्या, आणि बिनहळदीच्या सगळ्या जिवंत. महिनाअखेरीला तीन दिवस उरले तेव्हा मास्तर पुन्हा तालमीत गेले. मी बरोबर होतो. बादशहाकडे पाठ करून, भिंतीशी बोलल्यासारखं ते म्हणाले, की फावडं मारताना एखादी चुकून सापडली, तर आपल्याला ते कळायचं काही कारण नाही.

बादशहाने फावडं खाली ठेवलं.

"पाप माझ्या नावावर आनि माशी तुमच्या नावावर, व्हय? जमायचं न्हाय, मास्तर. मारायची तर तुमीच मारा."

मास्तर पागोटं सावरत तडक घरी गेले. मला ती संध्याकाळ फार आवडली.

शेवटच्या दिवशी मास्तर शाळेत औषधाची एक बाटली घेऊन आले. आत माशी. भोकावर बाटली उपडी धरली आणि ती स्वतःहून आत आली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. बूच गच्च लावलेलं. टपाल पाचला बंद होणार. मी विचारलं, मारणार कशी? ते म्हणाले, मी मारत नाही, मी फक्त बघतो आहे. म्हणजे बूच यांचं आणि मरण तिचं. व्रताला अशी पळवाट काढणाऱ्या माणसाला वकील व्हायला हवं होतं, हे मी त्यांना तोंडावर म्हणालो. त्यांनी मला बावड्याचा म्हटलंसुद्धा नाही.

दुपारभर बाटली टेबलावर होती. माशी आधी भिंतीभिंतीने फिरली. मग वर चढली आणि बूच खणू लागली. जमीन खणतात तसं, पुढच्या पायांनी उकरायचं, मागच्या पायांनी भुसा सारायचा. बुचाचा बारीक चुरा बाटलीच्या तळाशी पडू लागला. वर्ग आंबा काढत होता. मास्तर भिंग न लावता तिच्याकडे बघत होते. माशी पाठवायची पेटी, दोरा, साहेबाचा पत्ता, सगळं तयार होतं. साडेतीनला तिचे पाय हळू झाले. चारला ती चुऱ्यावर बसून राहिली. अजून अर्धा तास, की मगदूम पुस्तकात.

सव्वाचारला मास्तर बाटली घेऊन व्हरांड्यात गेले. मी खिडकीतून बघितलं. बूच हाताने निघेना, तेव्हा त्यांनी ते दातांनी ओढलं आणि थुंकलं. माशी बाहेर येईना. त्यांनी बाटली तळहातावर आडवी केली, पागोटं काढून ऊन येऊ दिलं आणि वाट बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने ती बोटावर आली, पाय पुसले आणि गेली.

आत येऊन ते म्हणाले, "बूच सैल होतं, आकाराम. पळाली."

पुस्तक पुढच्या वर्षी आलं. मगदूम त्यात नाही. शाल समाजाने दुसऱ्या कुणाला तरी घातली. गावाने मास्तरांना हळदीमास्तर केलं, आणि मास्तर आजही भेटेल त्याला सांगतात की बाजारातल्या बुचांचा काही भरवसा राहिला नाही, नाहीतर आज आपलं नाव विलायतेत गेलं असतं. एवढी शुद्ध थाप मारताना त्यांचा चेहरा जराही हलत नाही. आयुष्यात एक काम धड केलं आणि तेही लपवून ठेवलं.

ते बूच मी व्हरांड्यातून उचलून ठेवलं आहे. एका बाजूला उकरल्याची खळी आहे, दुसऱ्या बाजूला दातांचे दोन वण. कुणाला दाखवलेलं नाही. असल्या माणसाची बाजू घ्यायची मला हौस नाही.