गुलाबी दस्ता

कवळीकाकांचा नेम कधीच चुकत नसे. चुकायचा तो त्यांच्या बंदुकीचा दस्ता. निदान काकांचं मत तसं होतं. धंदा कवळ्या बनवण्याचा, नाद नेमबाजीचा. गोळी भलतीकडे गेली की क्लबातल्या सगळ्यांदेखत ते दस्त्याकडे असे बघत, जणू घरच्याच माणसाने दगा दिला.

आधी स्वस्तातला इलाज झाला. गाल टेकतो तिथे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. गोळ्या बाहेरच. मग हात सैल सोडून सुताराकडून सागवानी पट्टी आणि पितळी स्क्रू बसवले. गोळ्या बाहेरच, पण थाटात.

काढून टाकलेली ट्यूब व्याह्यांनी मागून नेली, क्लबच्या जुनाट बंदुकीला गुंडाळली आणि त्यांचा नेम चक्क लागायला लागला! क्लबच्या संघात एकच जागा उरलेली. ती व्याह्यांनी पटकावली, तर लेकीच्या सासरी काका कोणत्या तोंडाने जाणार?

मग काका इरेला पेटले. बड्या गिऱ्हाइकांसाठी राखलेला कवळीचा महागडा गुलाबी मसाला कालवला आणि नळी-चाप बसतात त्या खाचेत भसाभस ओतला.

"अगं बाई, बंदुकीला हिरड्या फुटल्या!" काकू म्हणाल्या.

"तुला त्यातलं काय कळतंय?" म्हणत काकांनी शास्त्र समजावायला घेतलं, आणि त्या नादात लोखंडाला ग्रीस फासायचं राहिलं. ग्रीस नसलं की मसाला लोखंडाला कायमचा चिकटतो, हे काकांइतकं कोणाला ठाऊक?

सकाळी दस्ता दगडासारखा घट्ट. "बघ, बंदूक एकजीव झालीय!" काका फुशारले.

निवड चाचणीला काकांनी ऐटीत नेम धरला, चाप ओढला. चाप ढिम्म. दोन बोटांनी ओढला. ढिम्मच.

"काका, चापालाही कवळी बसवलीत की काय?" पंचांनी विचारलं.

व्याही भला माणूस. त्यांनी हातातली बंदूक पुढे केली. "व्याहीबुवा, माझी घ्या की. हिचा नेम चांगला लागतो."

काकांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. या बंदुकीने नेम चुकला, तर खापर फोडायचं कोणावर?

"छे! हा दस्ता माझ्या गालाला बसत नाही."

"मग गाल थोडा घासून देऊ का?" चाचणी बघायला आलेल्या काकू मागून म्हणाल्या.

संघात व्याही गेले. स्पर्धेला काकाही गेले, सगळ्यांचे दस्ते तपासून द्यायला. बोलावलं कोणीच नव्हतं.