अर्धी टाकी

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा भट्टीतलं पितळ ओतायची वेळ झाली होती. फोन आमच्यातल्याच कारखानदार सुतारांचा होता, आणि त्याचंच मला जास्त नवल वाटलं, कारण तात्यांचं नाव तोंडात घ्यायचं त्यांनी कित्येक वर्षं टाळलं होतं. "तात्या गेलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "साचे भरून येते." वितळलेलं पितळ कुणासाठी थांबत नाही. साचे भरले, हात धुतले, स्कूटर काढली. तात्यांच्या घरी पोचले तर सुतार दारातच उभे होते. आत गेले नव्हते. मला म्हणाले, "तू जा पुढं." मी गेले. खोलीत भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली तात्या. उशाला कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला होता, आणि तो काठोकाठ भरलेला होता. घरातल्यांना त्यांची सवय माहीत होती.

धोंडीराम कांबळे यांना कोल्हापूरच्या कारखानदारीत सगळे तात्या म्हणत. ते आगीचे बंब बनवत. बंब रस्त्यावरून घंटा वाजवत गेला की लोक वळून बघतात, पण तो कुणी बनवला असा प्रश्न कुणाला पडत नाही, म्हणून थोडं सांगते. मोठ्या कंपनीकडून नुसती चासी येते, म्हणजे इंजिन, चाकं आणि सांगाडा. त्यावर केबिन, पाण्याची टाकी, पंप आणि शिडी आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांत चढते. तात्या आणि सुतार दोघंही पुरा बंब उभा करत, पण तात्यांचं नाव टाकीसाठी होतं आणि सुतारांचं केबिनसाठी. माझ्या वडिलांची पितळेची ओतशाळा. पाइपाच्या तोंडाला लागणारी नोझल आणि पाइप एकमेकांना जोडणारी कपलिंग आमच्याकडं होत. अशा मोजक्या कारखान्यांची एक संघटना तात्यांनी बांधली होती. तिला कार्यालय नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तात्यांच्या शेडमध्ये सगळे जमायचे, पत्र्याच्या तुकड्यांवर बसायचे, चहा प्यायचे आणि एकमेकांची उणीदुणी काढायचे. मालाचे भाव, सुट्या भागांची अदलाबदल, कुठल्या नगरपालिकेचा साहेब चांगला आणि कुठला छळतो, सगळं तिथंच ठरायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ओतशाळा माझ्याकडं आली. पहिल्या बैठकीला गेले तेव्हा एकानं विचारलं, "वडलांच्या जागी भाऊ न्हाय व्हय कोण?" मी उत्तर द्यायच्या आत तात्या म्हणाले, "भाऊ असता तर त्यो आला असता. ही आलीया. सरका तिकडं, बसू द्या." वर्षभरात त्यांनी मला चिटणीस केलं. कारण विचारल्यावर म्हणाले, "तुझं अक्षर बरं हाय आणि तुला भांडायला लाज वाटत न्हाय."

तात्या उजव्या पायानं लंगडत. का, ते कुणी विचारत नसे आणि ते सांगत नसत. त्यांचा एक नियम मात्र सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होता. त्यांच्या शेडमधून बंब बाहेर पडायचा तो पुरा भरलेला, नाहीतर पुरा रिकामा. मधलं काही चालायचं नाही. गाडीला नारळ ज्याची गाडी त्यानं फोडावा. तात्या स्वतः टाकीवर हात टेकून उभे राहायचे, काठापर्यंत पाणी आलं की मान हलवायचे, मग गाडी हलायची. सुतार त्यावरून त्यांची चेष्टा करत. "तात्याच्या घरी पावण्यानं अर्धा पेला प्याला, तर त्याला उठू देत न्हाईत." सगळे हसत. तात्याही हसत, पण लगेच दुसरा विषय काढत.

पुढं बाजार बदलू लागला. आधी कुणाला कळलं नाही. मग टेंडरच्या अटी मोठ्या व्हायला लागल्या. एवढी उलाढाल पाहिजे, एवढे बंब एका वर्षात द्यायची ताकद पाहिजे, पंपाला अमुक प्रमाणपत्र पाहिजे. बैठकीत मी अटी वाचून दाखवायचे आणि एकेकाचा चेहरा उतरायचा. बाहेरच्या मोठ्या कंपन्या तयार गाड्या घेऊन येत होत्या. तात्यांनी एका बैठकीत सरळ विचारलं, "ह्या अटीत एकट्यानं कोण बसतंय?" एकेकानं मान खाली घातली. "मग सगळी मिळून बसूया. गावागावातल्या बोळात मोठी गाडी शिरत न्हाय. आपण बारकी करू. एकच गाडी, सगळ्यांची. केबिन सुताराची, टाकी माझी, पितळ सुमनचं. ती दाखवायची आन् म्हणायचं, ही आमच्या संघटनेची गाडी." ही त्यांची योजना. आजच्या भाषेत तिला काय म्हणतात मला माहीत नाही, पण त्या शेडमध्ये एवढ्या लांबचा विचार त्याआधी कुणी केलेला मी ऐकला नव्हता.

गाडी झाली. देखणी झाली. आणि इथंच आम्ही घोटाळा केला, जो बहुतेक आम्हीच करू शकलो असतो. आमच्याकडं गिऱ्हाइकाला कुणी भीत नाही, भितात ते शेजारच्या कारखानदाराच्या टोमण्याला. "केबिन कागदाची केलीस काय रं?" असं चारचौघांत कुणी म्हणालं तर माणूस वर्षभर विसरत नाही. त्यामुळं प्रत्येकानं आपला भाग जरा जास्तच दणकट केला. सुतारांनी जाड पत्रा लावला. शिडीवाल्यानं शिडीला जादा आधार दिले. तात्यांनी टाकीला नेहमीपेक्षा जाड प्लेट वापरली. माझं पितळही काही हलकं नव्हतं. गाडी पाण्यानं भरून साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर घातली, तर चासीला झेपेल त्यापेक्षा वजन कितीतरी वर गेलं. सुतार काट्याकडं बघत म्हणाले, "काटा ऊसवाल्यांचा हाय. त्येला सगळंच जड लागतंय." कुणी हसलं नाही. मग "माझ्यामुळं न्हवं, टाकीमुळं," "टाकीमुळं न्हवं, शिडीमुळं" सुरू झालं. शेवटी तात्या म्हणाले, "सगळ्यांनी एकमेकाला भ्याऊन केलीया ही गाडी."

गावोगावच्या बंबांची ऑर्डर देणाऱ्या साहेबांना गाडी दाखवायचा दिवस तोंडावर आला होता. कापून, हलकी करून परत उभी करायला वेळ नव्हता. सुतारांनी मार्ग काढला. "अर्धी टाकी भरून न्यायची. चालवूनबी दाखवायची, धारबी मारायची. साहेब काय आत वाकून बघत न्हाईत. ऑर्डर मिळाली की पुढच्या गाड्या हलक्या करू." खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. संघटनेतल्या निम्म्या जणांकडं काम उरलं नव्हतं. ही ऑर्डर गेली तर शेड बंद करायची वेळ येणार होती, आणि हे सगळे जाणत होते. सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जीपमध्ये घातलं आणि गगनबावड्याच्या रस्त्याला लागले. घाट उतरताना धुकं होतं. एका वळणावर त्यांनी जीप बाजूला घेतली, खाली उतरले आणि कठड्यापाशी उभे राहिले. मी चिटणीस असल्यामुळं मला आणलं असणार, असं मी समजले. संघटनेच्या वतीनं कुणीतरी ऐकायला हवं होतं.

"हितं मारुती गेला," ते म्हणाले. मारुती त्यांचा ड्रायव्हर, मित्र. धंदा नवा होता तेव्हाची गोष्ट. कोकणात बंब पोचवायचा होता, आणि पोचल्या पोचल्या धार मारून दाखवायची म्हणून टाकीत पाणी होतं. "मारुती म्हणाला, तात्या, घाट हाय, अर्धंच ठेवूया. मी म्हणालो, ठेव." त्यांनी कठड्यावर हात टेकला. "गाडी वळली सुमन. पाणी वळलं न्हाय… ते आपलं सरळ गेलं. मागनं कुणीतरी खांदा मारल्यागत झालं आन् गाडी कठड्यापार गेली. हा पाय तवाचाच." मी विचारलं, तेव्हा टाकीत बॅफल नव्हते का? पाण्याचा हेलकावा अडवायला टाकीच्या आत जे आडवे-उभे पत्रे लावतात, त्यांना आम्ही बॅफल म्हणतो. "तवा आम्हाला म्हाईत न्हवतं. नंतर घालाय लागलो."

"मग आता तर आहेत," मी म्हटलं. "आता काय भीती?"

"पत्र्यानं हेलकावा कमी हुतो, जात न्हाय. आन् ही गाडी त्यांनी घेतली, तर जड हाय म्हणून गावात ती जलमभर अर्ध्यानंच फिरवणार. चालवणाऱ्याला काय म्हाईत…" मग ते जीपकडं वळले. "मारुतीचा आवाज मला येत न्हाय. पाण्याचा येतोय. रोज येतोय."

गाडी दाखवायला तात्यांनी रिकामी नेली. मैदानावर काठोकाठ भरली, जागेवर उभी ठेवून धार मारली, उंच आणि सरळ. अधिकारी खूश झाले. मग तात्या पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, भरल्यावर ही चासीला जड हुतीया. आज घिऊ नगा. कमी करून आणतो." तो अधिकारी चांगला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि मुदत वाढवता येणार नाही हेही सांगितलं. ऑर्डर बाहेरच्या कंपनीला गेली. परतताना सुतार तात्यांना म्हणाले, "मेलेल्या माणसासाठी जित्या माणसांच्या पोटावर पाय दिलासा." घाटातली गोष्ट मीच त्यांना आदल्या दिवशी सांगितली होती. त्या दिवसापासून सुतार बैठकीला यायचे बंद झाले.

तात्या बरोबर होते असं लिहून मी मोकळी होणार नाही. ज्यांची शेड बंद पडली त्यांच्या घरी मी गेले आहे. काहीजण दुधाच्या टँकरकडं वळले, सुतार ट्रकच्या केबिन करू लागले. उरलेल्यांना घेऊन तात्यांनी दुसरी योजना आखली. "नव्या गाड्या त्यांनी इकूदेत. जुन्या कोण बघणार? गावोगावी आपलंच बंब उभं हाईत. ते उघडूया, आतली पत्रं नवी घालूया." दोन हजारनंतर जी काही संघटना टिकली ती या दुरुस्तीच्या कामावर. कुरुंदवाडपासून कोकणापर्यंत जुन्या गाड्या आमच्याकडं यायला लागल्या. भरभराट झाली नाही, पण दिवे चालू राहिले.

शेवटी तात्या दवाखान्यात होते तेव्हा मी गेले. सलाईन लावलेलं होतं. त्यांचे डोळे त्या बाटलीवर होते. "अर्धी झालीया," ते म्हणाले, "बदलाय सांग." मी म्हटलं, "तात्या, ती पुरी संपल्यावर बदलतात." त्यांनी मान वळवली. "आवाज येतोय तिचा…" मी नर्सला बोलावलं. तिनं मला वेड्यात काढलं असणार. बाटली काही बदलली नाही.

जलदान विधीला आम्ही सगळे गेलो. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाण्याची संथ धार सोडतात, खालचं भरून वाहेपर्यंत. तात्यांच्या मुलीला वरचं भांडं पेलवेना आणि खालचं काठापर्यंत येता येता धार तुटली. सुतार गर्दीतून पुढं आले, तिच्या हाताखाली हात धरला आणि पाणी बाहेर सांडेपर्यंत सोडला नाही.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी गेले काही आठवडे रस्त्यानं पाण्याचा टँकर गेला की मी हातातलं काम थांबवते. भरलेला टँकर गप्प जातो. अर्धा असला की आत काहीतरी इकडून तिकडं चालत असतं. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकला नव्हता असं नाही. आता मात्र तो कानातून जात नाही.

संघटनेपुढं परत तोच प्रश्न आहे. एका मोठ्या कंपनीनं आम्हाला टाक्या बनवायचं काम देऊ केलंय, भरपूर आणि कायमचं. त्यांच्या नकाशात गाडी हलकी व्हावी म्हणून आतले दोन पत्रे कमी केलेत. अध्यक्षाची जागा रिकामी आहे, म्हणून बैठक मीच चालवली. सुतारही आले होते, आपणहून. काहीजण म्हणाले, नकाशा त्यांचा, जबाबदारी त्यांची. मी विचारलं, "पत्रे घालून टाकी करायची आमची तयारी आहे, असं कळवायचं का? नाही म्हणाले तर काम जाईल." पहिला हात सुतारांचा होता. तसं कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

त्याच दिवशी एक जुना बंब दुरुस्तीला आला. नवे पत्रे बसवून झाले होते, टाकीचं तोंड बंद करायचं होतं. बंद करण्याआधी तात्या स्वतः आत उतरायचे, अंधारात प्रत्येक पत्रा हातानं चाचपायचे आणि आतूनच 'ठीक हाय' असं ओरडून सांगायचे. आता कोण उतरणार, म्हणून सगळे एकमेकांकडं बघू लागले. त्या तोंडातून जाईल अशी अंगानं मीच होते. पदर खोचला आणि उतरले. आत गंज आणि वेल्डिंगचा वास. एकेक पत्रा चाचपला, जोड बघितले, कुठं काही हलत नव्हतं. मग मी वर तोंड करून म्हटलं, "ठीक हाय." पत्र्यावर आपटून तो आवाज जड होऊन परत आला, आणि माझा मलाच ओळखू आला नाही.

मग तोंडापाशी सुतारांचा हात आत आला, आणि ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "या वर, तात्या."

मी हात धरला आणि वर आले.