मावशींची परतीची मॅच

युरोपातल्या फुटबॉल क्लबांची ती जी मोठी स्पर्धा असते, हरला की थेट घरी अशी, ती आपल्याला न विचारता भरवतात याचं माझ्या बायकोच्या मावशींना मनापासून आश्चर्य वाटतं. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात त्यांचं घर. वय सत्तरीच्या जरा अलीकडे, दीड एकर भात, दोन म्हशी, आणि मुलाने पुण्याहून आणून भिंतीवर लावलेला, इंटरनेट जोडलेला टीव्ही. त्याने तो आईला कीर्तनं ऐकता यावीत म्हणून लावला होता. एकदा कीर्तन शोधताना मावशींच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं, समोर हिरवंगार मैदान आलं, आणि "येवढं येकसारखं भात कुणाचं हाय?" म्हणून त्या जरा थांबल्या. त्याला पाच वर्षं झाली. त्या अजून तिथेच आहेत.

या खेळाचे नियम मावशींना कुणी शिकवले नाहीत, त्यांनी ते शेतातूनच उचलले. ऑफसाइड म्हणजे लावणीला बाया ओळीत वाकलेल्या असताना एकीने उगाच पुढे सरकणं. त्यावर शिट्टी वाजलीच पाहिजे. त्याच दोन संघांनी दोनदा का खेळायचं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "येकदा ह्यांच्या गावाला, येकदा त्यांच्या. सोयरीक करताना दोनी घरं बघत्यात का न्हाई?" पूर्वी बरोबरी झाली तर परक्या मैदानावर मारलेल्या गोलाला जास्त वजन असे. तो नियम काढून टाकला हे कळल्यावर त्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. पाहुण्याचा मान गेला, मग स्पर्धेत राहिलं काय, असं त्यांचं म्हणणं होतं.

क्लबांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. त्यांना कपडे पुरतात: तांबडे, निळे, पांढरे. त्यांचे स्वतःचे म्हणजे उभ्या पट्ट्यांचे. ही निवड गोलकीपरवरून झाली. पट्टेवाल्यांचा कीपर चेंडू अडवल्यावर तो पोटाशी घेऊन पडून राहतो, ते त्यांना फार आवडलं. "दुसरं कीपर बॉल धरत्यात. ह्यो संबाळतो," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून पट्टेवाले घरचे झाले.

मात्र या मॅचेस आपल्याकडे मध्यरात्री असतात, आणि मावशी साडेआठला झोपतात. जगात काहीही चालू असो, साडेआठ म्हणजे साडेआठ. म्हणून दुसऱ्या दिवशी कामं उरकून त्या मॅच पहिल्या मिनिटापासून लावतात, आणि त्या क्षणापर्यंत निकाल कानावर पडू द्यायचा नाही, ही जबाबदारी सगळ्या गावाची. डेअरीवरची माणसं त्यांना पाहिलं की एकदम पावसापाण्यावर बोलू लागतात. एकदा एका पाहुण्याने चहा पिताना निकाल सांगून टाकला, तर मावशींनी त्याला शांतपणे चहा संपवू दिला आणि मग त्याची चप्पल त्याच्या पुढ्यात आणून ठेवली.

गेल्या वर्षी पट्टेवाले उपांत्य फेरीत पोचले. परतीची मॅच बुधवारी रात्री होती आणि गुरुवारी सकाळी अकराला वेल्ह्याच्या तहसील कचेरीत मावशींची सुनावणी. धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जो तुकडा मिळाला होता, त्यावर यजमान वारल्यानंतर मावशींचं नाव लागायचं होतं. दोन तारखा आधीच हुकल्या होत्या. त्यातून गुरुवारी दुपारपर्यंत वीज नसते, म्हणजे आधी मॅच बघून निघणं शक्य नव्हतं. मी आमच्या किकवीहून मोटरसायकल घेऊन त्यांना न्यायला गेलो. दारातच त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

"जावईबापू, तुमाला ठावं हाय."

"काय ते?"

"बोलू नका. ती टोपी घाला, आन काळी काच खाली वढा. घरी येस्तवर काडायची न्हाई."

मी हेल्मेट चढवलं. मावशींनी दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून पदर आवळून बांधला, आणि आम्ही निघालो.

कचेरीतही मला हेल्मेट काढायची परवानगी मिळाली नाही. आमचा पुकारा झाला. तहसीलदारसाहेबांचे डोळे झोप न झाल्यासारखे तारवटलेले होते. त्यांनी मावशींना नाव विचारलं. मावशी प्रसन्न हसल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. मी आतून ओरडून नाव सांगितलं, पण बाहेर नुसताच घुमल्यासारखा आवाज आला.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

मी खुणा करून मावशींना एका कानातला कापूस काढायला लावला. "आमचं जावई हायती," त्या म्हणाल्या. "लई गुणी, पन ह्यांच्या तोंडावर समदं दिसतं. आमच्या पट्टेवाल्यांची रातीची म्याच म्या अजून बगितली न्हाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पट्टेवाल्यांची?"

"सायेब, फुडं बोलू नका. पाया पडते."

आपल्याही चेहऱ्याचा भरवसा नसावा तशी साहेबांनी समोरची फाईल उचलून तोंडापुढे धरली, आणि उरलेली सुनावणी त्या फाईलीच्या आडून झाली. कुणाची हरकत आहे का, असं फाईलीने विचारलं. नव्हती. मावशींनी अंगठा नको म्हणून सावकाश, अक्षर अक्षर लावत सही केली. पंधरा मिनिटांत जमीन त्यांच्या नावावर झाली, पण त्यांचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

घरी पोचलो तेव्हा वीज आली होती. मावशींनी मॅच लावली आणि मला पाठीमागे, त्यांना दिसणार नाही असं बसवलं. बरोबरी, जादा वेळ, आणि शेवटी पेनल्टी. पट्टेवाल्यांच्या कीपरने दोन अडवल्या, तरी ते हरले. जिंकलेले नाचत होते, पण मावशी कोपऱ्यात बसलेल्या कीपरकडे बघत राहिल्या, तो उठून आत जाईपर्यंत. मग टीव्ही बंद करून त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमाला सकाळच्यानं ठावं व्हतं?"

"हो."

"हितनं वेल्ह्याला, वेल्ह्यासनं हितं, येवढं मनात घिऊन येकलंच फिरलासा?"

त्या उठून आत गेल्या आणि तांदळाची भाकरी, वालाची आमटी वाढून माझ्यापुढे आणून ठेवली. मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. खरं तर पहाटे मोबाईलवर निकाल वाचला तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. माझा तो संघही नव्हे. त्या ताटापुढे बसल्यावर मात्र पट्टेवाले हरल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.