गुणाबाईचा कोरडा उपास

गुणाबाईला दवाखान्यात लोटाभर चुना पाजला आणि तिची वाचाच गेली, ही बातमी नीलाबाईनं हापशीवरून सोडली. मूल गावातल्या आमच्या गल्लीला झालेला आनंद फार टिकला नाही. संध्याकाळी गुणाबाई ऑटोतून उतरली ती ऑटोवाल्याशी भांडतच. चुना नव्हताच तो. बेरियम नावाचं पांढरं औषध पाजायचं होतं, आणि तेही न पाजताच तिला परत पाठवलं होतं.

पोळ्यापासून भाताचा घास तिच्या छातीत अडायचा. साऱ्या गल्लीची दुखणी हापशीवर धुणारी ही बाई स्वतःचं दुखणं मात्र पदराआड झाकून होती. आत गाठ तर नाही, एवढीच धास्ती. औषध गिळताना एक्स-रे काढला की कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. "रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाऊ देऊ नका. पाणीसुद्धा नाही."

गुणाबाई हसली. उपास तिला कोण शिकवणार? हरतालिकेला ती थेंबभर पाणी घेत नाही, आणि दुसरीनं चहाचा घोट घेतला की "बुडाला तुहा उपास" म्हणून निकाल देऊन मोकळी होते. सुपारी-तंबाखूत चुना घोटून केलेला खर्रा तेवढा चालतो. तो कोणत्या देवाला चालतो, हे विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

चंद्रपूरला एक्स-रेवाल्यानं आ करायला लावलं, तर गालात खर्रा.

"बाई, पोटात काही नको म्हटलं होतं ना?"

"पोटात कुठी हाय? गालात हाय. खर्रा कोनी गिळते काय जी?"

"रस उतरतो ना आत! पुढच्या आठवड्यात या."

म्हणजे धास्तीचा आणखी एक आठवडा. बाई घरात कोणाशी धड भांडलीही नाही, तेव्हा सून ज्योत्स्ना घाबरली. तिनं पिठाच्या डब्यातून, उशीच्या खोळीतून, अगदी देवघरामागूनही खर्र्याच्या पन्न्या हुडकून काढल्या. जायच्या सकाळी बसमध्ये गुणाबाई रिकामा तळहातच घोटत बसली होती.

या खेपेला पांढरं औषध सरळ खाली उतरलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरले. "गाठ नाही, सूज आहे. पण खर्रा सोडावा लागेल."

गुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. ज्योत्स्नाचेही डोळे भरले. डॉक्टर जरा मऊ झाले. "औषध पिताना त्रास नाही ना झाला, बाई?"

"तरास कायचा? चुना बराबर होता. तुमचा मानूस सुपारी टाकाले इसरला."